क्वेलच्या रकान्यात

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीशी दर रविवारी फोनवर बोलते, तिला माझ्या गुडघ्यांपासून सुनेच्या ऑफिसपर्यंत सगळं ठाऊक आहे — हे नाही. लिहून ठेवावं म्हणून याआधी तीनदा वही उघडली, आणि वाणसामानाची यादी लिहून मिटली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाक्यं मागेपुढे होतील.

गोष्ट गोल्फची आहे. माझ्यासारख्या बाईच्या वहीत गोल्फ कुठून आला, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही अजून वाटतं.

मी परदेशात, चँडलरला मुलाकडे राहते. आमचे हे गेले, त्यानंतर शिरीषने मला इकडे आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. शिरीष कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, सून मनालीही नोकरी करते. घरापासून दोन रस्ते ओलांडले की गोल्फचं मैदान. आजूबाजूला सगळी तांबूस माती, काटेरी झाडं, आणि मधेच हे हिरवंगार गवत — रोज पाणी पाजून जगवलेलं. नात ईरा दहा वर्षांची होती तेव्हा शिरीषने तिला तिथल्या सरांकडे घातलं. संध्याकाळी नऊ होल मुलांसाठी मोकळे ठेवत. बरोबर मोठं माणूस मात्र हवं. त्या वेळी शिरीषचे तैवानशी कॉल असायचे, मनाली कामावरून यायची असायची. तेव्हा मोठं माणूस म्हणजे मी.

खेळ मला हळूहळू समजला. दूर एक झेंडा असतो, त्याच्याखाली भोक, तेच होल. तिथवर कमीत कमी फटक्यांत चेंडू न्यायचा. पण सुरुवात कुठून करायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. प्रत्येक होलला तीन जागी लाकडाचे ठोकळे मांडलेले, त्यांवर इंग्रजीत नावं कोरलेली. सगळ्यांत जवळचा रॅबिट, म्हणजे ससा. मधला क्वेल, म्हणजे आपला लावा पक्षी. सगळ्यांत लांबचा हॉक, म्हणजे ससाणा, तो मोठ्या पुरुषांचा. झेंडा एकच, वाट लहानमोठी.

सर उंच, म्हातारे गृहस्थ होते, फार कमी बोलायचे. पहिल्या दिवशी ते काय म्हणाले, ते ईराने मला घरी चालत येताना सांगितलं. "आजी, सर म्हणाले, दोन चांगले शॉट्स मारले की फ्लॅगजवळ पोचायला पाहिजे. नाही पोचलं तर तू बॅड प्लेयर नाहीस, तू राँग ठिकाणाहून खेळतेयस." सरांनी तिला रॅबिट सांगितला होता.

शिरीषला ते पटलं नाही. "रॅबिट म्हणजे ड तुकडी," तो जेवताना म्हणाला. "मी सर्टिफाइड ढ आहे असं स्वतःच कशाला सांगायचं? क्वेलवरून खेळ. आत्ता जड जाईल, मग सवय होईल." तो वाईट बाप नाही. अभ्यासात त्याने असंच केलं — वरच्या वर्गाची पुस्तकं आधी वाचायची. त्याचा फायदा झालेला त्याने पाहिलाय. गोल्फही त्याला तसाच वाटला.

त्याने माझ्यासाठी मराठीत एक तक्ता छापून आणला. तारीख, रॅबिट, क्वेल — ज्या ठोकळ्यावरून खेळली त्याच्या रकान्यात एकूण फटके लिहायचे. "ठोकळ्यांवर इंग्रजीत असतं, ईरा सांगेल तसं तू लिहीत जा. आई, तू आमची ऑफिशियल," असं म्हणून त्याने तो फ्रिजवर लावला. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. या घरात मी लिहावं असं काही तोवर नव्हतंच.

पण ईराला मी लिहून घ्यावं, एवढ्यावर थांबायचं नव्हतं. वाळूच्या खड्ड्यात काठीच्या टोकाने ती मला अक्षरं काढून दाखवायची. आर. मग क्यू, शेपटीवाला. महिनाभरात मला तिन्ही ठोकळे वाचता यायला लागले. झाडांवरच्या पाट्या, गाड्यांचे नंबर — मी मनातल्या मनात वाचत सुटले. "बाबाला सरप्राइज देऊ," ती म्हणायची. मी म्हणायचे, थांब, अजून नीट येत नाही. एवढ्या वयात अक्षरं गिरवते म्हणून हसतील, अशी लाज वाटायची. त्यामुळे ते आम्हा दोघींतच राहिलं. हे लक्षात ठेवा. मला ठोकळ्यांवरचं इंग्रजी वाचता येतं, हे एकट्या ईराला माहीत होतं.

क्वेलवरून तिचे फार हाल व्हायचे. मी पावलं मोजली होती. तिचा चांगला फटका माझ्या एकशेतीस पावलांवर पडायचा. क्वेलपासून झेंडा चारशेच्या पुढे. म्हणजे मारायचं, चालायचं, परत मारायचं, परत चालायचं. मागची मुलं कमरेवर हात ठेवून ताटकळत उभी. नऊ होल संपेस्तोवर पासष्ट-सहासष्ट फटके व्हायचे, आणि ती वाटेत एक शब्द बोलायची नाही. एकदा सहाव्या होलला तिने काठी गवतात टाकली आणि म्हणाली, "आय एम जस्ट बॅड, आजी."

तेव्हा मी म्हणाले, आज रॅबिटवरून खेळ.

"बाबा?"

मी लिहिते क्वेल, म्हणाले.

तिला ते नको होतं. हे नीट लिहायला हवं, कारण पुढे सगळं उलटं झालं. ती म्हणाली, "पण ते ट्रू नाहीये." मीच तिला समजावलं. बाबाला कशाला उगाच त्रास? थोडी मोठी झालीस की क्वेलवरून खेळशीलच. तोवर आपलं दोघींचं गुपित. दहा वर्षांच्या मुलीला खोटं बोलायला आजीने शिकवलं, तिने आजीला नाही.

आणि रॅबिटवरून ती काय खेळली. दोन फटक्यांत झेंड्याजवळ. सरांनी सांगितलं होतं, अगदी तसं. ती पळत जाऊन चेंडू बघायची, परत येऊन माझा हात ओढायची. अठ्ठेचाळीस फटके झाले. घरी येऊन मी क्वेलच्या रकान्यात अठ्ठेचाळीस लिहिले. दुसऱ्या दिवशी एकोणपन्नास. सगळा उन्हाळा असाच लिहीत गेले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. यासाठी मी वही उघडली नसती.

शिरीष तक्ता बघून हरखला. मराठी मंडळाच्या जेवणात लोकांना फोटो दाखवायचा. "सवयीने होतं सगळं, बघ," मला म्हणायचा. मग एक दिवस सांगत आला, टूसानला मुलींची स्पर्धा आहे, ईराचं नाव घातलं. बारा-तेरा वर्षांच्या गटात, कारण हे आकडे त्या गटातले आहेत. ती स्पर्धा लांबूनच खेळायची होती, क्वेलपेक्षाही थोडं जास्त. ईरा जेवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोळीला तूप लावत होते — लावत राहिले. स्पर्धेला तीन आठवडे होते. रोज सकाळी ठरवायचे, आज त्याला सांगते. चहा घेऊन त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, तो कानाला यंत्र लावून बोलत असायचा, कप ठेवून परत यायचे. कॉल काय, दिवसभर थोडाच चालतो?

टूसानचं मी फार लिहीत नाही. बरोबरच्या दोन मुली उंच, पोनीटेल बांधलेल्या. ईराचा चेंडू त्यांच्या निम्म्यावर. प्रत्येक होलला त्या दोघी झेंड्याजवळ उभ्या राहून तिची वाट बघायच्या. वाईट बोलल्या नाहीत, पण आपसांतही बोलल्या नाहीत. पहिल्या नऊ होलनंतर ईराचे चौऱ्याहत्तर झाले. तिने ते स्वतःच्या हाताने कार्डावर लिहिले आणि पुढचे नऊही खेळून संपवले. ती रडली नाही.

आता गाडीतलं.

मी पुढे शिरीषशेजारी, ईरा मागे. तो शांतपणेच म्हणाला, "ईरा, घरी तू कुठून खेळायचीस?"

"रॅबिट."

"आणि आजी क्वेलखाली लिहायची."

"हो."

"म्हणजे आजीला तू क्वेल सांगायचीस. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, हे माहीत होतं म्हणून?"

मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं तिने, एवढीशी मुलगी ती. तिने काही सांगितलं नाही. ती वाट बघत होती — माझी. मी मागे वळून पाहिलं नाही, तरी मला ते कळत होतं.

शिरीष माझ्याकडे वळला. "आई, ती तुला काय सांगायची?"

मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? ती सांगायची ते मी लिहायचे."

एवढंच. हेच ते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

का म्हणाले? त्याला भ्याले का? तो मला काय करणार होता? रागावला असता, दोन दिवस धुसफुसला असता. ते वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. सासरी, बँकेत, विमानतळावर, जिथे कुणी जाब विचारेल तिथे मी आयुष्यभर हेच म्हणत आले — मला काय कळतंय. मग लोक दुसऱ्या कुणाला तरी विचारतात. त्या दिवशी विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मागच्या सीटवर दहा वर्षांची मुलगी होती, तिला सगळं माहीत होतं, आणि तिच्याकडूनच मी एक-एक अक्षर शिकले होते.

घरी आल्यावर शिरीषने तिला माझ्यापुढे उभं केलं. आजीच्या पाया पड आणि सॉरी म्हण, म्हणाला. ती वाकली. "सॉरी, आजी," म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे बाळा, परत नको करूस.

परत नको करूस — असंही म्हणाले मी. तिला माफ केलं.

त्यानंतर शिरीषने तिचं गोल्फ बंद केलं. खोटं बोलून खेळायचं असेल तर खेळूच नको, म्हणाला. ती हट्ट करेल असं मला वाटलं होतं. तिने काठ्यांची पिशवी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली, झालं. तो खेळ तिला फार आवडत होता. ती चेंडूकडे कशी पळायची, ते फक्त मी पाहिलंय, आणि मी कुणाला सांगितलं नाही. एकदा फिरायला गेले असताना सर भेटले. हाताने उंची दाखवून त्यांनी विचारलं, ती मुलगी कुठे आहे? मला सगळं समजलं. मी मान हलवली आणि पुढे गेले.

अक्षरंही तिथेच थांबली. तिने शिकवायचं बंद केलं, मी मागितलं नाही. माझ्याशी ती वाईट वागत नाही. औषधांची वेळ सांगते, फोन बिघडला तर नीट करून देते. पण माझ्यासमोर कधी काही मनातलं बोलत नाही. आता सोळा वर्षांची आहे, गाडी चालवते. मैत्रिणीबद्दल, शाळेबद्दल काही असलं तर मनालीला सांगते, तेही मी खोलीतून गेले की.

शिरीषचा राग केव्हाच गेला. आता तो ती गोष्ट गंमत म्हणून सांगतो. घरी कुणी जेवायला आलं की हमखास निघते — ईराने लहानपणी आजीला कसं गंडवलं. तो छान रंगवून सांगतो. आजी बाकावर बसलेली, हातात पेन्सिल, आणि नात एका ठोकळ्यावरून खेळतेय आणि दुसराच सांगतेय. लोक हसतात. ईराही हसते.

गेल्या शनिवारी फ्रिस्कोहून त्याच्या मित्राचं कुटुंब आलं होतं. गोष्ट झाली, सगळे हसले. त्या मित्राची बायको हसत माझ्याकडे वळली. "काकू, पण तुम्हाला खरंच पत्ता लागला नाही?"

"नाही ना," मी म्हणाले.

ईरा तेव्हा माझ्या ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.