चुकलं तर मी हाय

कृष्णात कांबळे निपाणीचा. आई शेवंताबाई तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि पोरगा शिकून इंजिनिअर झालेला. गल्लीत त्याच्या आधी कुणी इंजिनिअर झालं नव्हतं. त्यामुळं तो सुट्टीला घरी आला की बायका बंद पडलेले रेडिओ, पंखे, एवढंच काय शिलाईचं मशीनही त्याच्यापुढं आणून ठेवायच्या. तोही सगळं उघडून बसायचा. मला हे जमत नाही, असं म्हणणं त्याला कधी जमलंच नाही.

१९८७ साली बेळगावजवळच्या एका साखर कारखान्यानं कॉम्प्युटर घेतला आणि कृष्णातला त्याच्यापुढं बसवलं. काम होतं ऊसतोडणीच्या पाळीचं. आज कुठल्या गावचा ऊस तोडायचा हे प्रोग्रॅमनं ठरवायचं आणि सकाळी त्याच्या चिठ्ठ्या छापायच्या. कृष्णातनं प्रोग्रॅम लिहिला, आणि तो चाललाही छान. मग अपवाद सुरू झाले. एका गावची यात्रा, दुसऱ्या गावात ओढ्याला पाणी, तिसरीकडं वार. आमच्या भागात यात्रेआधी काही आठवडे गाव ठरलेला वार पाळतं. त्या दिवशी कुणी बैल जुंपत नाही, शेतात विळा घालत नाही. मग त्या गावची पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लागते. असा एकेक अपवाद आला की कृष्णातनं प्रोग्रॅम उघडायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा मशीनवर चढवायचा. त्याच्या नाकी नऊ आले.

तेव्हा त्याला एक युक्ती सुचली, आणि युक्ती खरोखरच झकास होती. मूळ प्रोग्रॅमला हातच लावायचा नाही. त्याच्या पोटात एक छोटी भाषा बसवायची. जर, तर, पाळी, वार, द्या, असे पंधरा-वीस शब्द, इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. ज्याला इथले अपवाद ठाऊक आहेत त्यानं त्या भाषेत साधे नियम लिहावेत. प्रोग्रॅमनं रोज सकाळी चालू होताना ते वाचावेत आणि तसं वागावं. इंजिनिअरला बोलावण्याचं कामच नाही.

नियम लिहायचं काम आलं अंजनाकडं. अंजना पाटील अनगोळची, शेती विभागात हंगामी क्लार्क. एप्रिलमध्ये तिला कायम करणार असं ठरलं होतं, आणि घरात मिळवती ती एकटीच होती. सुरुवातीला ती कीबोर्डला बोट लावायलाही भ्यायची. आपल्या हातून एवढं महागाचं मशीन बिघडलं तर? कृष्णातनं तिला हसत सांगितलं, “बिनधास्त लिवा, अंजनाबाई. मशीनला काय होत न्हाई. चुकलं तर मी हाय.”

हे वाक्य त्यानं दर आठवड्याला म्हटलं. तिची भीती गेली, हात बसला, आणि दोन महिन्यांत ती नियम असे लिहू लागली की कृष्णातलाच कौतुक वाटावं.

पण कृष्णातनं एक काम मागं ठेवलं होतं. दुसऱ्याला आपल्या प्रोग्रॅमच्या आत लिहायला देतो, तर त्याला कुंपण घालावं लागतं. एखादा नियम गोल गोल फिरायला लागला, तर काही वेळानं त्याला थांबवून तक्रार छापायची, असं ते कुंपण. कृष्णातला हे पक्कं ठाऊक होतं. पण संचालकांना मशीन दाखवायची तारीख जवळ आली होती, म्हणून त्यानं ते नंतर करायचं ठरवलं. संचालकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि ते ‘नंतर’ राहून गेलं. टाळ्या माणसाला आळशी करतात, दुसरं काय.

माघातला एक शुक्रवार. त्या साली उचगावनं शुक्रवार पाळला होता. अंजनानं नियम लिहिला होता, उचगावचा वार असेल तर पाळी तुरमुरीला द्या. तुरमुरीच्या लोकांनी मागितलं तसं त्यांचंही लिहिलं होतं, तुरमुरीचा वार असेल तर पाळी उचगावला द्या. शेजारची गावं, एकमेकांची अडचण भागवणारी. दोन्ही नियम रास्त होते. फक्त त्या आठवड्यात तुरमुरीनंही शुक्रवारच धरला.

सकाळी मशीन चालू केलं, तर पडद्यावर ‘पाळी काढत आहे’ एवढंच. उचगावनं पाळी तुरमुरीला दिली, तुरमुरीनं उचगावला, आणि असं ते चालू राहिलं. बंद करून पुन्हा लावलं तरी तेच, कारण चालू होताना प्रोग्रॅम पहिल्यांदा नियमच वाचायचा. चिठ्ठ्या नाहीत म्हणून टोळ्या फडाबाहेर बसून राहिल्या. दुपारी ऊस संपला आणि भर हंगामात गाळप थांबलं. कृष्णातला कारण सापडलं, राहून गेलेलं कुंपण. नियमांची फाइल त्यानं बाजूला काढली, चिठ्ठ्या छापल्या, आणि कारखान्याच्या मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

केबिनमध्ये साहेब होते, शेती अधिकारी नागोजीराव होते, दाराशी अंजना उभी होती. नागोजीराव म्हणाले, नियम बाईंनी लिहिले होते. साहेबांनी कृष्णातला सरळ विचारलं, प्रोग्रॅममध्ये काही दोष आहे का?

अंजनानं त्याच्याकडं बघितलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. आता हा बोलेल, एवढाच भरवसा होता.

“प्रोग्रॅम ठीक आहे, साहेब,” कृष्णात म्हणाला. “नियम चुकला.”

सोमवारपासून तिला येऊ नका म्हणून सांगितलं. कृष्णातनं त्याच संध्याकाळी प्रोग्रॅमला कुंपण घातलं. जेमतेम दहा ओळी लागल्या. लिहिताना त्याच्या कानशिलांना आग लागली होती, आणि मनात तो वखारीतली आई, तिचा खोकला, आपली नोकरी, असं सगळं स्वतःला समजावत होता. ते सगळं खरं होतं. पण अंजनाच्या घरीही आई होतीच की.

पुढचा हंगाम एकही दिवस न अडता सुरू झाला. दिवाळीनंतर कारखान्यानं कृष्णातला शाल-श्रीफळ दिलं. भाषण करणाऱ्यानं सांगितलं, यांचा प्रोग्रॅम कितीही वेडावाकडा नियम आला तरी अडत नाही. शाल खांद्यावर पडली तशी कृष्णातला भर सभेत अंगावरचे कपडे उतरल्यासारखी लाज वाटली. त्या रविवारी तो अनगोळला गेला.

अंजनानं घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला होता. चार जुनी मशीनं, चार मुली. त्याला बघून ती मनापासून हसली, चहा ठेवला. मुलींना म्हणाली, हे माझे सर. मग त्याच्याकडं वळली.

“मी पोरींना तुमचंच सांगत असते. माझ्या चुकीनं कारखाना बंद पडला, पर सर मला एक शब्द बोलले न्हाईत. दुसरा असता तर चारचौघांत फाडून खाल्लं असतं.”

आपल्या भेकडपणाला ही बाई इतके महिने चांगुलपणा समजत आली, आणि तोच या पोरींना शिकवत आली. कृष्णातनं हातातली कपबशी खाली ठेवली. त्यानं तिला सगळं सांगितलं. कुंपणाचं, पेढ्यांचं, त्या दहा ओळींचं. खालमानेनं, हळू आवाजात, मुलींना ऐकू जाऊ नये असं.

अंजनानं शेवटपर्यंत ऐकलं. मग उठली.

“पोरींनो, हात थांबवा,” ती म्हणाली. “सर, आता हेच जरा मोठ्यानं सांगा. मी यांना उलटं शिकवलंय.”

कृष्णात उभा राहिला. साहेबांच्या केबिनमध्ये जे बोलायचं होतं ते त्या खोलीत चार पोरींपुढं बोलला, चूक अंजनाबाईंची नव्हती, माझी होती.

“आन् गप का बसलासा, तेबी सांगा,” अंजना म्हणाली.

“माझी नोकरी जाईल म्हणून,” कृष्णात म्हणाला. “तुमची गेली तर चालंल, असं वाटलं.”

तिनं मान हलवली. मग मुलींना पुन्हा टाइप करायला सांगितलं, आणि त्याची अर्धा चहा राहिलेली कपबशी उचलून आत नेली.