परभणीत ऐकायला शिकले आणि दुसऱ्याच दिवशी बोलून बसले

परभणीला जायचं ठरलं ते समुपदेशनाच्या शिबिरासाठी. मारहाण सोसणाऱ्या बायकांशी बोलावं कसं, हे तिथं शिकवणार होते. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची, दंगलींची वर्षं होती. "तिकडं कशाला तडफडायला?" म्हणत आईनं दोन दिवस अबोला धरला, पण मी गेलेच. अंगात रगच तेवढी होती.

तेव्हा नाशिकहून जायचं म्हणजे मनमाडला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यात अंग आंबवायचं. आता थेट गाडी आहे, सुखानं जा. स्टेशनाजवळच्या खानावळीत पाच-सहा रुपयांत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा मिळाला. तसा ठेचा मला परत कुठं मिळाला नाही.

शिबिर तीन दिवसांचं. आमच्या प्रशिक्षक सुमनताई जोड्या लावून ऐकण्याचा सराव घ्यायच्या. समोरची बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, 'मी तुझ्या जागी असते तर' म्हणायचं नाही, ती गप्प झाली तर आपणही गप्प बसायचं. आणि तिच्या परवानगीशिवाय तिचं बोलणं कुणापुढे काढायचं नाही. बडबडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मला शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. मी भलतीच फुगले.

चौथ्या दिवशी प्रत्येकीला एकेका गावात पाठवलं. मी एसटीनं पोखर्णीला उतरले, नृसिंहाचं दर्शन घेतलं. (देऊळ चुकवू नका.) तिथून दुसरी एसटी धरून पुढच्या गावी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. जिच्याशी बोलायला मला पाठवलं होतं ती चंद्रकला अंगणात शेंगा फोडत बसली होती. मीही शेंगा फोडायला बसले, आणि शिकवल्याप्रमाणे गप्प राहिले. बऱ्याच वेळानं ती बोलली.

"लय मारायलाय बाई. आखाडापासून. आईला बी सांगितलं न्हाई."

महिन्याभरात ती आणि तिचा नवरा दोघं ऊसतोडीला जाणार होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या बाईला मुकादम नेत नाही. तिकडं उसाच्या फडावर पाच-सहा महिने तिला माहेरचं कुणी भेटणार नव्हतं.

"तुमी कोणाला सांगू नका. बोलले, जरा हलकं वाटलं."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

इतक्यात नवरा आला. हसतमुख माणूस. चहा करायला लावला, शेंगांची पिशवी भरून दिली. पाहुण्या बाईला गाडीत बसवून द्यायची तिकडची रीतच.

"उन्हात एकल्या कशाला जायल्या? चला, एष्टीत बसवून देतो की."

वाटेत कपाशी, पिकं, पाऊस यांच्या गप्पा झाल्या. एवढा भला माणूस, दोन शब्द समजुतीचे सांगितले तर ऐकेल, असं मला वाटलं. माझी हुशारी नडली.

"दादा, चंद्रकलावर हात उचलत जाऊ नका."

तो थांबला नाही की चिडला नाही. एसटी आली, त्यानं पिशवी आत दिली, खिडकीशी येऊन म्हणाला, "तिनं सांगितलं व्हय? बरं झालं, कळलं."

कंडक्टरनं घंटी वाजवली. मी उतरायला हवं होतं. सामान मांडीवर घेऊन बसून राहिले, एसटीत आणि मग रेल्वेत, नाशिकपर्यंत.

दिवाळीनंतर पुन्हा गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तोडीला गेले ते." मग माझ्याकडं निरखून पाहिलं. "तुमीच व्हय त्या शिबिरवाल्या?" मी हो म्हटलं. तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. त्या गल्लीत मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढं नाशिकमध्ये मी बरीच वर्षं हेच काम केलं. बायका म्हणायच्या, "ताई, तुमच्याजवळ बोलायला भीती वाटत नाही." मला मात्र दर वेळी लाज वाटायची. चंद्रकला त्या फडावरून परत आली की नाही, मला माहीत नाही.