नव्याण्णव समाधानी माणसं

शार्दूल खडतरेला झोप लागते ती मुलाखतीच्या रांगेत, डुगडुगत्या खुर्च्यांतल्या पाचवीवर, दुपारी अडीचला. झोप कसली, डुलकी. एसी इतका गार की डोळे मिटले तरी आपण फ्रिजमधली मेथीची जुडी आहोत असं वाटत राहतं. काचेच्या दारामागे तीन साहेब बसलेत आणि बाहेर येणारा प्रत्येक जण एकच बातमी आणतोय: एमबीएचा प्रोजेक्ट खोदून खोदून विचारतायत.

शार्दूलचा प्रोजेक्ट म्हणजे 'मंडप व्यवसायातील ग्राहक समाधान'. शंभर लोकांची पाहणी. त्यातले नव्याण्णव फॉर्म त्याने आणि रूममेटने एका रविवारी हॉस्टेलवर बसून भरले, चार पेनांनी, उजव्या हाताने आणि तो दुखायला लागल्यावर डाव्या. शंभरावा तेवढा खरा. तो महादेवमामांचा, म्हणजे कराडच्या पिसाळ मंडपवाल्यांचा. मामांना जाऊन आठ महिने झाले. आत हे खोटं पकडलं गेलं तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर दोन वर्षं शिकून काय मिळवलंस, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

मान छातीवर पडते, वर येते, पुन्हा पडते.

"पुढचे कोण?" रिसेप्शनवरची मुलगी विचारते. शार्दूल उठून काचेचं दार ढकलतो, तर ते कापडाचं निघतं.

आत मंडप. खाली ऑफिसचं करडं कार्पेट, वर गुलाबी झालर, आणि वारा असा सुटलाय की छत फुगतंय, बसतंय, फुगतंय. मधला खांब कललेला. नात्यातल्या दारुड्याला लग्नात धरून उभं करतात तसा तो खांब कवटाळून बनियनवर महादेवमामा उभे.

"आलास व्हय शार्दुल्या? धर हिकडनं."

"मामा, तुम्ही तर वारलात."

"मग? खांब सोडू?"

शार्दूल खांब धरतो. तो ओला आहे, निसटतोय.

"वरचा दोर सुटलाय," मामा म्हणतात. "घटकाभरात सगळं खाली येतंय. ती पंगत उठव आधी."

शार्दूल पंगतीकडे बघतो आणि ओळखतो: ही त्याच्याच फॉर्मांतली माणसं. सगळे पस्तिशीचे. रमेश पवार, सुरेश पवार, पुढे सुरेश रमेश पवार आणि रमेश सुरेश पवार. चाळिसाव्या फॉर्मनंतर नावं सुचत नव्हती. डाव्या हाताने भरलेले जरा तिरके बसलेत. पत्रावळी रिकाम्या.

"मंडळी, उठा. मंडप पडतोय."

"आम्ही पूर्णपणे समाधानी आहोत," रमेश पवार म्हणतो.

"अहो, डोक्यात खांब पडेल!"

"मंडपाची मजबुती: उत्कृष्ट," सुरेश पवार म्हणतो. सौ. पवार कोऱ्या पत्रावळीवरून बोट फिरवून चाटतात. "भोजनव्यवस्था: अतिउत्तम."

खांब वीतभर सरकतो.

"दोन वर्सं शिकलास न्हवं?" मामा दात आवळून म्हणतात. "वापर की कायतरी."

शार्दूल पत्रावळ उलटी करून चार खाने आखतो. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. धोक्याच्या खान्यात 'खांब' लिहितो आणि पंगतीला दाखवतो. नव्याण्णव जण टाळ्या वाजवतात. उठत कुणीच नाही.

"मामा, ही उठायची नाहीत. खोटी आहेत. मीच बसवलीत."

मामांच्या कपाळावरून घाम ओघळतो. पुसायला हात मोकळा नाही.

"मला काय सांगतोस? मी मेलोय. त्येंना सांग."

शार्दूल रमेश पवारसमोर उकिडवा बसतो. "तुम्ही नाही आहात हो. मी कुणालाच विचारलं नव्हतं."

रमेश पवार स्वतःचे तळवे उलटसुलट बघतो. "मग ते मत कुणाचं?"

"माझं."

"तू समाधानी होतास?"

"नाही."

"मग ठीक," असं म्हणून रमेश पवार पत्रावळ दुमडतो आणि कनातीतून निघून जातो. एकेकाला वेगळं सांगावं लागतं. तिरक्यांना उठायलाच वेळ लागतो. वर कापड टरटर फाटतंय. शेवटी सुरेश रमेश पवार उरतो. "बाबा गेले का पुढं?" तो विचारतो. "गेले." तोही जातो.

रिकाम्या मंडपात आता दोघंच.

"एकच उरलाय," मामा म्हणतात. "इचार, काय इचारायचं ते."

"मामा, दोन वर्षं फुकट गेली का?"

"मला काय ठावं? मी सातवी." मामा खांद्याने खांब रेटतात. "पर त्या दिशी गोदामात ताडपत्रीवर बसून तीन तास मला इचारत व्हतास. पाऊस आला तर आधी काय वाचवता, कुठला खांब पैला रोवता. चाळीस वर्सांत माझ्या कामाचं कुणी एक इचारलं न्हाई. मंडप पडला तरच मंडपवाला आठवतो लोकांना. तू गेल्यावर मामीला म्हणलं, आज जेवाय नको, पोट भरलंय."

शार्दूल पुन्हा खांबाला हात लावतो.

"लिवलंस का त्यातलं?"

"तुमचे ग्राहक किती समाधानी, याला तुम्ही पाचपैकी दोन दिले होते. सरासरी बिघडत होती. मी खोडून चार केले."

मामा पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघतात. "दोनच व्हतं ते. माझ्या मंडपात शेवटच्या पंगतीपत्तूर वारं पोचत न्हवतं. मला ठावं व्हतं."

खांब करकरतो. बांधायला दोर नाही. मामा एका हाताने शार्दूलच्या गळ्यातला टाय ओढून काढतात. दोन वेढे, एक आडवा, टोक आतून. "बघून ठेव," ते म्हणतात आणि आवळतात.

"शार्दूल खडतरे!"

तो दचकून उठतो. रिसेप्शनवरची मुलगी समोर उभी आहे आणि त्याच्या कॉलरकडे बघतेय. कॉलर उघडी आहे. टाय खुर्चीच्या स्टीलच्या हाताला बांधलेला: दोन वेढे, एक आडवा, टोक आतून. तो ओढून बघतो, गाठ आणखी आवळते. त्या अख्ख्या रांगेत ती एकच खुर्ची डुगडुगत नाही.

तो टाय तिथेच सोडून आत जातो.

"टाय?" मधले साहेब विचारतात.

"बाहेर खुर्चीला आहे, सर."

साहेब रिपोर्ट उघडतात. "सॅम्पल किती होतं?"

"एक."

"इथे शंभर लिहिलंय."

"नव्याण्णव मी बसून भरले होते. खऱ्याने पाचपैकी दोन दिले. दोनच का, ते सांगू?"

साहेब फाइल मिटतात. साहेबांनी फाइल मिटली की मुलाखत संपते की सुरू होते, हे शार्दूलला दोन वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. तो सांगायला लागतो.