निंबाखालचा फोटो

आमच्या घरात संशयाचा मक्ता माझ्याकडे होता. दूधवाल्याच्या मापावर माझी नजर, भाजीवाल्याच्या तराजूवर माझी नजर. शेजाऱ्यानं सहज चहाला बोलावलं तरी याला नेमकं काय हवंय, याचा विचार मी तासभर करायचो. त्यामुळे ऑफिसातल्या एकानं बदलीवर जाताना आपला जुना डबा कॅमेरा मला स्वस्तात दिला, तेव्हा मी तो आठ दिवस उघडून मिटून पाहिला. काही बिघाड सापडला नाही, याचंच मला वाईट वाटलं.

सत्तरनंतरची ही गोष्ट. आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण. रोल धुवायला मी धंतोलीतल्या एका स्टुडिओत द्यायचो. तिथला म्हातारा फोटोग्राफर एरवी कमी बोलायचा, पण बोलला की शिकवायचाच. एकदा माझे सहलीचे फोटो पाहून तो म्हणाला, "साहेब, बाहेरगावी गेले का सकाळी नऊच्या आत फोटो घ्या, नाहीतर चारच्या नंतर. मधात कॅमेरा पिशवीत राहू द्या. अन् भर दुपारी झाडाखाली माणूस उभा नका करू. सावली पाहिजे तर भिंतीची घ्या, देवळाच्या ओसरीची घ्या. तोंड मोकळ्या आभाळाकडे ठेवा."

मी मान डोलावली आणि जिना उतरता उतरता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ ते चार बाहेर फोटो काढायचे नाहीत, म्हणजे लोकांनी त्या वेळात याच्या स्टुडिओत यायचं. बरं आहे की!

त्याच सुमारास बहिणीसाठी वर्ध्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर होता. लग्नानंतर मुलीला बी.एड. करायचं असेल तर खुशाल करावं, असा त्यानं निरोप पाठवला होता. याआधीच्या दोन स्थळांच्या वेळी बहीण गप्प गप्प असायची. या वेळी तिनं आईला स्वतःहून विचारलं, "त्यांच्या गावापासून कॉलेज किती दूर आहे वं आई?" आई त्यावरून काय ते समजली आणि मग आम्हीही समजलो.

पण त्या लोकांची एक अट होती. फोटो स्टुडिओतला नको. त्यात तोंडाला पावडर असते आणि वरून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नाकडोळे नीट केलेले असतात. कुठे फिरायला गेल्यावर उजेडात काढलेला साधा फोटो पाठवा. माझ्याइतकी संशयी माणसं मला पहिल्यांदाच भेटत होती, आणि मला ती फार आवडली. फोटो मीच काढणार, असं मी जाहीर करून टाकलं.

रविवारी आम्ही दोघं एसटीनं रामटेकला गेलो. गड चढून देवळापाशी पोहोचेस्तोवर बारा वाजले. बहीण म्हणाली, "दादा, ओसरीत घे न गा. इथं डोये दिपून राहिले." तिला काय माहीत की म्हाताऱ्यानं नेमकं तेच सांगितलं होतं. मी मुद्दाम तिला एका निंबाखाली, मोठ्या दगडाला टेकवून उभं केलं. ऊनही नाही आणि अंधारही नाही, यापेक्षा चांगली जागा कोणती? मी चार फोटो काढले.

स्थळाला पाठवायला त्यातल्या एकाची प्रिंट मागितली, तेव्हा ती हातात देताना म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "साहेब, हा कुठं पाठवू नका. सकाळी घेऊन या पोरीले, मी अंगणात काढून देतो." त्यानं मला पुरतं ओळखलं नव्हतं. मी फोटो खिशात घातला. बहीण त्यात छान हसत होती. गालावर, मानेवर, कोपराजवळ पांढरे गोल उमटले होते, तेही मला कलात्मक वाटले. दुसऱ्याच दिवशी बाबांनी फोटो पाठवून दिला.

आठवड्याभरानं स्थळ आणणारा मध्यस्थ घरी आला. चहा घेईपर्यंत तो पावसापाण्याचंच बोलत राहिला. मग बाबांना बाहेर फाटकापाशी नेऊन म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. पोरीले कोड आहे का? फोटोत गालावर पांढरं दिसून राहिलं म्हणतात ते. हातावरबी."

अंगावर कोडाचा पांढरा डाग म्हणजे त्या काळी मुलीच्या लग्नाचा रस्ता बंद. त्या डागानं कुणाचं काही बिघडत नाही, तो कुणाला लागत नाही, असं डॉक्टर सांगत आणि लोक ऐकून घेऊन घरी जात. आईनं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. बहिणीनं केला. पोळ्या लाटताना तिनं एवढंच विचारलं, "आता ते नाही म्हणतील का?"

आणि मी? मला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. माझ्या मनात आलं, फोटो खोटं कशाला बोलेल? ज्या पोरीला मी जन्मापासून पाहत होतो, तिच्या गालाकडे मी चोरून पाहू लागलो. सकाळी ती नळावर तोंड धुवायची तेव्हा कोवळं ऊन तिरपं तिच्या तोंडावर यायचं. मी दात घासत तिथे उभा राहायचो. एकदा डाव्या बाजूनं, एकदा उजव्या. केस विंचरताना खिडकीपाशी बसली की पेपर घेऊन समोर बसायचो. काही दिसत नव्हतं. पण काही दिसलं नाही म्हणून संशय जातो थोडाच! उलट वाटायचं, आत्ताच सुरुवात होत असेल.

शेवटी मी दोष म्हाताऱ्यावर टाकला. यानंच निगेटिव्हवर औषधाचे थेंब सांडले असणार. मी तणतणत धंतोलीला गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, निगेटिव्ह काढली, दिव्यासमोर धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"पाहा. पोरीच्या गालावर डाग आहे. बरोबर?"

"बरोबर."

"पदरावर?"

पदरावरही होते.

"मांगच्या दगडावर?"

दगडावर तर रांगच होती. निगेटिव्हवर काळे, पण गोल, अगदी तसेच.

"मग दगडालेबी कोड झालं का, साहेब?" तो म्हणाला. "पानातून ऊन गळते. आपल्याले डोळ्यानं एवढं दिसत नाही, फिल्मले दिसते. म्हणून म्हटलं होतं, झाडाखाली नको."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. बाबांनी मध्यस्थाकडे निरोप धाडला, दगडाचं उदाहरण देऊन. तिकडून उलट निरोप आला की मुलाची आत्या रविवारी प्रत्यक्ष येते.

आत्या सकाळी दहाला आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, पायात जाड चपला. पाणी पिऊन झाल्यावर ती सरळ बहिणीला म्हणाली, "चाल वं बाई, जरा अंगणात." उन्हात उभं करून तिनं बहिणीचा गाल पाहिला, मान पाहिली, बाही वर करून कोपर पाहिलं, पायाची बोटंसुद्धा पाहिली. मी ओसरीत उभा राहून दातओठ खात होतो. आत्या म्हणाली, "राग नको मानू, पोरी. नाही विचारलं असतं तं मनात राहिलं असतं." बहीण शांतपणे म्हणाली, "पाहा न. पाठबी पाहून घ्या." आत्या हसली. पाठ पाहिली नाही. जाताना तिनं आईच्या हाताला हात लावून सांगितलं की आमच्याकडून होकार समजा.

फाटक लागलं आणि माझा बांध फुटला. ही काय माणसं आहेत! पोर म्हणजे बाजारातली गाय आहे का? असल्या संशयी घरात माझी बहीण जाणार नाही, मी सांगून ठेवतो. आई डोळे पुसत होती, पण आनंदानं. मी बराच वेळ बोललो. मला माझंच बोलणं पटत चाललं होतं.

बहीण कपबशा उचलत होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"दादा, त्यायनं तोंडावर विचारलं," ती म्हणाली. "अंगणात नेलं, पाहिलं, झालं. तू तं आठ दिवस नळापाशी उभा राहून पाहून राहिला होता. मले एकदाबी नाही विचारलं."

मी ट्रे उचलायला वाकलो.

"मी तिथंच जाईन," ती म्हणाली, आणि ट्रे उचलून आत गेली.