बिनहाराचा फोटो

आमचे हे गेल्यापासून देवाशी माझं बोलणं बंद होतं. दिवा लावत होते, पण सासूबाईंच्या शब्दाखातर. हात जोडले की मनात भांडणच सुरू व्हायचं. मागितलं तेव्हा कुठे होतास रे बाबा?

घाटंजीत आमचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला लोटा दाखवतानाही हे त्यावर बोटांनी ठेका धरायचे. भजनी मंडळात खंजेरी त्यांचीच. दुखणं कळलं तेही खंजेरीवरून. कधी न चुकणारा माणूस ठेका चुकू लागला. मंडळातले चिडवायचे, मीही हसायची. डोकं दुखतं म्हणाले तेव्हा ऊन लागलं असेल म्हणून कांद्याचा रस चोळला. नागपूरला तपासलं तर मेंदूचा कॅन्सर. ऑपरेशननंतर डाव्या हातात खंजेरी धरवेना. डॉक्टर भला माणूस. त्याने स्पष्ट सांगितलं की या रोगावर पुरतं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि मंडळाचे वसंतभाऊ म्हणाले, भाऊच्या आठवणीत खंजेरी भजनांची स्पर्धा घेऊ, आणि जमेल ते मेंदूच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला पाठवू. आमच्याकडे पेशंटसाठी कुणी हात आखडत नाही. पण संशोधन म्हटलं की लोक विचारायचे, "थे ठीक हाय, पण पेशंट कोन हाय?" बाजारचौकात फ्लेक्स लागला, त्यावर कॅन्सरसाठी मदतीचं आवाहन आणि यांचा खंजेरी घेतलेला हसरा फोटो. त्या फोटोला हार चढवायला वसंतभाऊंचं मन धजेना, नावाआधी 'कैलासवासी' लिहायलाही हात उठेना. गावातले लोक ओळखत होते. खेड्यांतून बाजाराला येणाऱ्यांनी मात्र फोटो पाहिला आणि हाच पेशंट असं धरून चालले.

मला हे कळलं ते थेट स्पर्धेच्या दिवशी. मंडप भरलेला, दानपेटी फिरत होती. एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. पदराच्या गाठीत अंगारा होता.

"बाई, थे खंजेरीवाले भाऊ कुठी हायेत? त्यायच्यासाठी मी मंगळवार धरले. देवीचा अंगारा लावाचा हाय."

मी वसंतभाऊंना गाठलं. त्यांचा चेहरा उतरला. "चूक माहीच हाय, वहिनी. पण आता बोलू नका. लोकं उठून जातीन, मंग भाऊच्या नावानं काहीच होनार नाई."

खोटं बोलत नव्हते ते. यांच्या नावाने काहीतरी उभं राहावं, याखेरीज मलाही दुसरं काही नको होतं. पण जो माणूस नाही त्याच्यासाठी ती म्हातारी उपाशी राहिली होती. मी माईक घेतला. सांगितलं, "फोटोतले माझे यजमान आहेत. ते आता नाहीत. ज्यांना फसल्यासारखं वाटत असेल त्यांनी दिलेलं खुशाल परत घ्यावं."

तेवढ्यात ती बाई उठली. निघाली, असंच मला वाटलं. ती माझ्याकडे आली आणि तिने अंगारा माझ्या कपाळाला लावला.

"रडू नको, माय. मंगळवार काही वाया नाई जात. कोन्या पेशंटले द्याचे, थे देवी पाहीन. आपन कायले इचाराचं?"

मागून कुणीतरी खंजेरीवर थाप मारली. भजन सुरू झालं, पेटी पुन्हा फिरली. परत मागायला कुणीच आलं नाही. या सगळ्यात ती बाई कधी निघून गेली, कळलं नाही. तिचं नावगाव विचारायचं राहून गेलं.

याला चमत्कार म्हणायचं का, मला ठाऊक नाही. रुखरुख मात्र आहेच. तिचे मंगळवार यांच्या वाट्याला यायला हवे होते. ते मंगळवार आले तेव्हा घरात फक्त खंजेरी उरली होती. खुंटीवरची ती खंजेरी पुसताना अजून वाटतं, हे संशोधन, हा मंडप, ही माणसं, थोडं आधी का नाही झालं? देवाने याचं उत्तर दिलेलं नाही. मीही आता विचारत नाही. त्या बाईला पाठवलं, तेवढ्यासाठी हात जोडते.

हल्ली मीही मंगळवार धरते. सासूबाईंनी परवा विचारलं, "कोनासाठी वं?"

"पेशंटसाठी," मी म्हटलं.

"कोन हाय पेशंट?"

मी म्हटलं, "देवीले माहीत."