मोरीच्या पाण्यावरची वांगी

दुष्काळाच्या त्या वर्षी नाताळला थोरल्या जाऊबाई पुण्याहून आल्या आणि सासूबाईंनी कामं वाटून दिली. मटण थोरलीनं करायचं, भाज्या मी. मटण करणारीचं नाव होतं, भाजीवालीला कुणी विचारत नाही. तरी मला वाईट वाटलं नाही. भाज्या माझ्या होत्या.

आमचं गाव नेवाशाजवळ. विहीर आटलेली, टँकर आला तर आला. आंघोळीचं, भांडी विसळल्याचं पाणी मोरीतून उपसून मी परसात वांगी, मेथी आणि भोपळ्याचा एक वेल जगवला होता. कंबर मोडून यायची. मालक शाळामास्तर. ते नुसते बघायचे.

उपासनेहून मंडळी आली, अंगणात पंगत बसली. सासऱ्यांशेजारी पाळकसाहेब. मी भरली वांगी, भोपळ्याची भाजी आणि कच्च्या मेथीचा कालवलेला घोळाणा वाढला.

"या दिवसांत इतकी कोवळी वांगी कुठं मिळाली?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई हसत म्हणाल्या, "मिळतात कुठली! मोरीच्या पाण्यावर वाढवलीत हिनं. सगळ्यांच्या अंगाचा मळ त्यात. मी तर बाई तोंडात घालणार नाही."

पंगतीतले हात थांबले. सासऱ्यांनी वांगं ताटाच्या कडेला सारलं. सासूबाई पाणी वाढायला वळल्या. मी मालकांकडं पाहिलं. ते मान खाली घालून मटणाची नळी चोखत होते.

मी तिन्ही पातेली उचलली आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवली.

संध्याकाळी आणखी पाहुणे टेकले. मटणाचा रस्सासुद्धा उरला नव्हता. जाऊबाई माझ्या दारात आल्या.

"अगं, भाजी हाय ना? दे की."

पुण्याची भाषा तेवढ्यात गळून पडली होती.

"हाय. पंगतीत जे बोललात ते चुकलं, असं पाहुण्यांसमोर म्हणा. मग वाढते."

"मी थोरली हाय तुझ्यापेक्षा!"

"म्हणून तर तुमी आधी बोला."

सासूबाई मधे पडल्या. "सणाचा दिवस हाय, पोरी. सोडून दे."

"मला बोलल्या तवा सण नव्हता व्हय, आई?"

जाऊबाई तशाच माघारी वळल्या. पाहुण्यांना भाकरी, चटणी आणि कांदा वाढला गेला. माझ्या नावानं कुजबुज झाली, ती मी भिंतीआडून ऐकली. पातेल्यांवरची झाकणं मी काढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाऊबाई गेल्या. मालक खोलीत आले, वाटीत वांगं घेऊन उभ्यानंच खाऊ लागले. म्हणाले, "झक्क झालंय."

मी वाटी हातातून काढून घेतली. "काल पंगतीत जीभ कुठं गेल्ती?"

ते शाळेचा सदरा घालून बाहेर पडले. सुट्टी होती, तरी गेले.

पुढच्या पावसाळ्याआधी मी आमची वेगळी चूल मांडली. सासूबाई रडल्या, सासरे माझ्याशी बोलायचे थांबले. जाऊबाई त्यानंतर लग्नाकार्यात भेटल्या, की "बरं हाय ना?" एवढंच विचारायच्या. मीही "बरं हाय" म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे.