एक जूनचा उत्सवमूर्ती

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, मधी मला थांबवू नका. माझा झालेला पोपट मी आजवर कुणाला तोंडानं सांगितलेला न्हाई. सांगायची गरजच पडली न्हाई म्हणा, निम्म्या भांडगावानं तो डोळ्यांनी बघितलाय.

मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत गेटवर सिक्युरिटीला होतो. काम एकच. येणाऱ्याची पिशवी बघायची, आन् जाणाऱ्याची त्याहून निरखून बघायची. रिटायर झालो, गेट सुटलं, पण सवय काय सुटंना. दूधवाला आला तरी मी किटलीत वाकून बघतो. आमची मंडळी, सुमन, म्हणती, "आवं, दूधच हाय त्यात." पण खात्री केलेली बरी का न्हाई, तुम्हीच सांगा.

तर आमच्या लेकीनं सुमनला पुण्यावरनं ग्रीटिंग कार्डं बनवायचं सामान आणून दिलं. रबरी शिक्के, नक्षी कापायच्या पोलादी डाय, आन् उसाच्या चरकावानी हँडल फिरवायचं एक मशीन. इथवर माझी काय हरकत न्हवती. पण मे महिन्यात ही बाई जेवणं उरकली की मागच्या खोलीत जायची, दार लावायची आन् पंखा बंद करायची. भर उन्हाळ्यात पंखा बंद. शहाणं माणूस असं करंल का?

"दार का लावतीस?" मी बाहेरनं विचारलं.

"पावडर उडती."

"कसली पावडर?"

"कार्डावरची. शिक्का मारायचा, वर पावडर भुरभुरायची, गरम हवा मारली की अक्षर फुगून वर येतं. तुम्ही आत येऊ नका, तुमच्या फुंकरीनंबी उडंल."

आता मला सांगा, बंद दार, पावडर, शिक्के आन् वर जळका वास. गेटवर एवढं एका माणसाकडं सापडलं असतं तर मी त्याला चहा पाजून बसवून ठेवला असता, पोलीस येईपर्यंत. पण ही पडली घरची. मंग मी गुपचूप तपास चालू केला.

ती हळदी-कुंकवाला गेली तवा आत शिरलो. टेबलावर एक कार्ड व्हतं. काय सांगू तुम्हाला, हात लावला तर बोटाला नक्षी लागत व्हती. वर उठावाचा भगवा फेटा, खाली सोनेरी अक्षरात साठ, आन् त्याच्याखाली 'एक जून'.

मी तिथंच खाली बसलो. एक जून म्हंजी माझा वाढदिवस. आधार कार्डावर हाय, पेन्शनच्या कागदावर हाय. आन् औंदा मला साठ पुरी.

म्हंजी ही बया माझी साठी करणार, आन् मला पत्ता लागू देत न्हाई.

खरं सांगतो, लई बरं वाटलं. आमच्यात वाढदिवस पोरांचे होत्यात, पुढाऱ्यांचे होत्यात. गेटवर उभ्या राहणाऱ्याला कोण केक कापायला बोलवतंय. साहेबांच्या केकचे खोके मी आतबाहेर लई सोडले, पण माझ्या नावाचा केक मी कवा बघितला न्हवता.

दुसऱ्या दिवशी परत आत डोकावलो तर तसलंच दुसरं कार्ड. तिसऱ्या दिवशी अजून एक. मी मनात म्हणलं, बघा, मन भरंना बिचारीचं. पहिलं बरं जमलं न्हाई म्हणून परत करती. माझ्यासाठी एवढा जीव टाकती आन् मी हिच्यावर संशय घेतला.

संध्याकाळी जेवताना ती म्हणली, "एक तारखेला जालिंदर भावजींकडं जायचंय बरं का. त्यांच्या लेकीनं बोलावलंय."

जालिंदर म्हंजी माझा शाळेपासनंचा दोस्त. मी मान डोलावली आन् भाकरीत तोंड लपवून हसलो. जालिंदरकडं म्हणं. मला काय समजत न्हाई व्हय. कार्यक्रम माझा आन् जागा त्याची.

तरी खात्री करावी म्हणून पारावर गेलो. आमच्या वर्गातले तिघं-चौघं तिथं बसलेले. "एक जूनला काय करताय?" मी सहज विचारलं.

"जालिंदरकडं जायचंय," एकजण म्हणला.

"जालिंदरकडं," दुसरा म्हणला.

तिसऱ्यालाबी तेच. आता मी गेटवर उगं न्हाई उभा राहिलो. चार माणसं एकच उत्तर देत्यात तवा समजायचं, कुणीतरी पढवून आणलंय. समदे सामील.

मंग मीबी तयारीला लागलो. दौंडला जाऊन केस काळे करून घेतले. नवा सदरा शिवला. एक तारखेला दुपारीच पुतण्याकडनं भगवा फेटा बांधून घेतला.

सुमन बघतच राहिली. "आवं, जालिंदर भावजींकडं जायचंय, लग्नाला न्हाई."

"असू दे, असू दे," मी म्हणलं आन् डोळा मारला. तिनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, गुपित फुटलं म्हणून लावला.

जालिंदरच्या दारात मांडव. फुगे. मधोमध फुलं लावलेली मोठी खुर्ची, म्होरं केक. सगळी मंडळी जमलेली. मी गाडी लावली, सगळ्यांना हात जोडले, आन् सरळ जाऊन त्या खुर्चीत बसलो. बसलो ते बसलो, वर दोन शब्द बोललो. म्हणलं, "एवढं करायची गरज न्हवती."

मंडळी एकमेकांकडं बघाया लागली. मंग जालिंदरची लेक जवळ आली. हळूच म्हणली, "काका, जरा उठता का? ती पप्पांची खुर्ची हाय."

तेवढ्यात घरातनं जालिंदर बाहेर आला. डोक्याला भगवा फेटा. मला बघून म्हणला, "बस लेका बस, तुझाबी आजच की. ह्याचाबी आजच हाय, त्याचाबी आजच हाय."

आन् तवा डोक्यात उजेड पडला. आम्हाला सगळ्यांना शाळेत एकाच गुरुजींनी घातलेलं. जन्म कवाचा ते कुणाच्या घरी लिहिलेलं न्हवतं, म्हणून गुरुजींनी सगळ्या वर्गाला एक जून लावून टाकला. हे मला ठाऊक न्हवतं व्हय? व्हतं की. पण कार्ड बघितल्यापासनं एक जून माझ्या एकट्याचा झाला व्हता.

सुमननं पिशवी उघडली. एक कार्ड जालिंदरला दिलं, त्याच्या लेकीची ऑर्डर. मंग एकेकाला देत गेली, कुणाच्या पोराची ऑर्डर, कुणाच्या सुनेची. मी कोपऱ्यात फेटा काढून मांडीवर घेऊन बसलेलो. वाटलं, माझं शेवटी ठेवलं असंल. पिशवी रिकामी झाली. तिनं घडी घालून काखेत धरली. केकची बशी मी तशीच खाली ठेवली.

घरी आल्यावर मी म्हणलं, "साऱ्या गावाची कार्डं केलीस, आन् घरच्या माणसाचं न्हाई."

"तुमचा वाढदिवस आज कुठाय?" ती म्हणली. "ती गुरुजींची तारीख. तुम्ही बैलपोळ्याला जन्मलात. आत्याबाईंनी मला लगीन झालं त्याच वर्षी सांगितलं व्हतं."

आत्याबाई म्हंजी माझी आई. मी विचारलं, "मंग मला कवा सांगितलं न्हाईस ते?"

"सांगायचं काय त्यात? दरवर्षी पुरणाची पोळी करून वाढती की ताटात."

आता मला सांगा, पोळ्याला पुरणपोळी कुणाच्या घरात होत न्हाई? ट्रॅक्टर घेतला तवाच आमचे बैल इकले. तवापासनं दर पोळ्याला मी तिला विचारायचो, "घरात बैल न्हाई, मंग पुरण कुणासाठी घालतीस?"

ती म्हणायची, "हाय एक."

आन् मी दरवर्षी उठून गोठ्यात बघून यायचो.